चुकीच्या खात्यावरची नोंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हिशोबातील चुकांचे प्रकार शिकवले जातात. बेरजेची चूक, नोंद राहून जाण्याची चूक, एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावे पडण्याची चूक. या सर्वांत फसवी असते ती तत्त्वाची चूक. दुकानासाठी घेतलेले कपाट मालमत्तेच्या खात्यावर न टाकता किरकोळ खर्चात टाकले, तरी तेरीज तंतोतंत जुळते. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आल्यामुळे कोणी वही पुन्हा उघडून पाहत नाही आणि वर्षाचा नफा मात्र चुकीचा निघतो. मनाच्या आजारांच्या बाबतीत आपल्या घरांतून नेमकी हीच चूक होते, असे मला अनुभवाने वाटू लागले आहे. आजार असतो, पण त्याची नोंद स्वभाव, आळस, उधळेपणा, संशयीपणा किंवा 'बाहेरचे काही' या खात्यांवर पडते. घरातील माणसे सांभाळून घेतात, वरवर सगळे जुळते, आणि खरी रक्कम वर्षानुवर्षे सापडत नाही.

अशी एक चुकीची नोंद माझ्या हातूनही झाली आहे. १९९० नंतरच्या काळात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. तेथील किराणा मालाचे एक घाऊक व्यापारी आमचे जुने खातेदार. वडिलांच्या हाती कारभार असेपर्यंत त्यांच्या खात्यावर एकही धनादेश न वटता परत गेला नव्हता. पुढे तिशीतला मुलगा गादीवर बसला. दोन वर्षे ठीक गेली. मग एका दिवाळीच्या सुमारास खात्याचे रूपच बदलले. तीन आठवड्यांत त्याने एका ट्रकचा विसार दिला, दोन भूखंडांचे बयाणे केले आणि मोठे गोदाम भाड्याने घेतले. एके दिवशी माझ्यासमोर बसून तो तासभर अखंड बोलत होता. दहा गावांत दहा दुकाने काढायची होती. रात्री दोन तास झोप पुरते, हे तो अभिमानाने सांगत होता. महिन्याभरात धनादेश परत जाऊ लागले. आणखी दोन महिन्यांनी तो घराबाहेर पडेनासा झाला.

गावाने निदान केले, 'पैसा डोक्यात गेला, आता तोंड लपवून बसला आहे.' माझे निदान याहून वेगळे नव्हते. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाच्या अहवालात मी 'बेजबाबदार व्यवस्थापन' असा शेरा लिहिला, मर्यादा गोठवली आणि नोटिशीवर सही केली. बँकेच्या नियमानुसार ते योग्यच होते. पुढे काही वर्षांनी त्याचे वडील दुसऱ्या गावच्या शाखेत मला भेटायला आले. दुकान गेले होते. मुलाला पुण्याच्या डॉक्टरांना दाखवल्यावर आजाराचे नाव कळले होते आणि औषधाने तो सावरला होता. जाता जाता ते शांतपणे म्हणाले, "साहेब, आम्ही त्याला शिव्या दिल्या, तुम्ही नोटीस दिली. आजार मात्र कोणीच पाहिला नाही."

ते वाक्य मनात रुतून बसले. पुढे माझ्या मुलीने पदवीसाठी मानसशास्त्र हा विषय घेतला, तेव्हा तिचे 'अपसामान्य मानसशास्त्रा'चे पुस्तक मी पहिल्या पानापासून वाचून काढले. मी डॉक्टर नाही. पुढील लेखन हे निदानासाठी नाही. व्यापाऱ्याच्या घरात ज्या संज्ञा माहीत असाव्यात, त्यांची ही साधी ओळख आहे.

सामान्य कोणते, अपसामान्य कोणते?

पहिला प्रश्न हाच, की वेगळे वागणारा प्रत्येक माणूस आजारी मानायचा का? शास्त्र त्यासाठी साधारणपणे चार कसोट्या लावते. वागणे समाजाच्या रीतीपेक्षा फार वेगळे आहे का? त्या माणसाला त्याचा त्रास होतो का? त्याचे रोजचे काम, झोप, जेवण, व्यवहार, नातेसंबंध बिघडले आहेत का? त्याला स्वतःला किंवा इतरांना धोका आहे का? यांपैकी केवळ एका कसोटीवर निकाल देता येत नाही. त्यातही पहिली कसोटी एकटी अगदी अपुरी आहे, कारण रीत काळानुसार बदलते. समलैंगिकता पूर्वी आजारांच्या यादीत होती. १९७३ मध्ये अमेरिकेतील मनोचिकित्सकांच्या संघटनेने ती यादीतून वगळली. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही स्पष्ट म्हटले आहे, की एखाद्याचे वागणे समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक समजुतींशी जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

कालावधी आणि प्रसंग यांचाही विचार करावा लागतो. मार्चअखेरीस झोप उडणे, उधारी बुडाल्यावर जेवण न जाणे, घरातील माणूस गेल्यावर महिनोन्महिने डोळे भरून येणे, हा आजार नव्हे. ते माणूसपण आहे. कारण ओसरल्यावरही अवस्था ओसरत नाही, कारणाच्या मानाने ती फारच तीव्र असते आणि तिच्यामुळे जगण्याचा व्यवहारच अडून बसतो, तेव्हा विकाराचा विचार सुरू होतो.

जसा खात्यांच्या शीर्षांचा ठरलेला तक्ता असतो, तशा या विकारांच्याही जगन्मान्य याद्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. अमेरिकन मनोचिकित्सकांच्या नियमपुस्तिकेची पहिली आवृत्ती १९५२ ची, तर पाचवी २०१३ ची आहे. कोणती लक्षणे, किती आणि किती दिवस असली म्हणजे कोणते नाव द्यायचे, हे त्यांत लिहिलेले असते. डॉक्टर मनाला येईल ते नाव देत नाहीत, हे सामान्य माणसाला माहीत असावे.

वास्तवाशी असलेला धागा

मराठी पुस्तकांत दोन जुने शब्द वारंवार भेटतात, मज्जाविकृती आणि चित्तविकृती. इंग्रजीत त्यांना न्यूरोसिस आणि सायकोसिस म्हणतात. मज्जाविकृतीत माणूस त्रासलेला असतो, पण वास्तवाशी त्याचा धागा शाबूत असतो. आपले काहीतरी बिघडले आहे, हे त्याला कळते. चित्तविकृतीत तो धागाच तुटतो आणि आपण आजारी आहोत ही जाणीव बहुधा हरवते. १९८० च्या अमेरिकन आवृत्तीने न्यूरोसिस हे वर्गीकरणाचे शीर्षक म्हणून काढून टाकले. तरीही घरातील माणसांना हा फरक समजणे उपयोगाचे आहे. पहिल्या प्रकारचा रुग्ण 'मला डॉक्टरकडे न्या' म्हणू शकतो. दुसरा म्हणतो, 'मला काहीही झालेले नाही, तुम्हीच माझ्या वाईटावर आहात.' हा हट्टीपणा नसतो, आजाराचेच ते एक लक्षण असते.

बोलण्यात आपण भ्रम आणि भास हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांतला भेद आपल्या परंपरेतील दोरी आणि साप यांच्या दृष्टांताने चटकन समजतो. अंधारात दोरी साप वाटली, तर तो दृष्टिभ्रम. दोरी होती, आपण चुकीचे पाहिले. दिवा लावताच तो जातो आणि असा भ्रम कोणालाही होऊ शकतो. दोरीही नसताना साप दिसणे, कोणी नसताना आवाज ऐकू येणे, हा भास. वैद्यक त्याला हॅल्यूसिनेशन म्हणते. तिसरा प्रकार आहे चुकीच्या पण अढळ समजुतीचा, म्हणजे डिल्यूजनचा. भागीदार आपल्या चहात विष कालवतो, शेजारचा दुकानदार भिंतीतून आपले बोलणे ऐकतो, अशी खात्री मनात बसते आणि कितीही पुरावे दिले तरी ती हलत नाही.

असा माणूस घरात असेल, तर दोन चुका टाळायच्या असतात. त्याच्याशी वाद घालून त्याला खोटे ठरवू नये, आणि त्याची समजूत राखण्यासाठी होकारही देऊ नये. 'तुला ऐकू येते आणि त्याची भीती वाटते, हे मला दिसते आहे. मला मात्र ऐकू येत नाही. आपण डॉक्टरांना विचारू,' एवढे म्हणणे पुरेसे असते.

भास आणि अशा समजुती ज्या आजारात प्रामुख्याने आढळतात, तो छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया. हे नाव स्वित्झर्लंडचे डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये दिले. नावात 'दुभंगणे' हा अर्थ असल्यामुळे एका माणसात दोन माणसे वावरतात अशी समजूत पसरली. ती चूक आहे. येथे विचार, भावना आणि वर्तन यांची एकमेकांशी असलेली सांगड सुटते. २००४ च्या 'देवराई' या मराठी चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी अशा रुग्णाची भूमिका केली आहे. आपल्या कुटुंबांनी तो एकत्र बसून पाहावा असे मी सुचवीन.

हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंत सुरू होतो. आपल्या घरांतून याच वयात मुले दुकानावर बसू लागतात आणि मुलामुलींची स्थळे पाहिली जातात. म्हणून मुलगा गल्ल्यावर लक्ष देईनासा झाला, एकटाच पुटपुटू लागला, अंघोळ आणि कपडे यांची शुद्ध राहिली नाही, तर 'जबाबदारी नको म्हणून नाटक करतो' अशी नोंद करण्यापूर्वी थांबले पाहिजे.

मनःस्थितीचे दोन टोकांचे विकार

ग्रीक वैद्य उदासीचे कारण शरीरातील काळे पित्त मानत. चरकसंहितेनेही उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आणि त्यांतील चार वात, पित्त, कफ आणि या तिघांचा संनिपात यांच्याशी जोडले. कारणमीमांसा बदलली, तरी मनाचा आजार हा वैद्याचा विषय आहे, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते, एवढे यातून दिसते.

आज ज्याला नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात, ते एखाद्या दिवसाच्या खिन्नतेहून वेगळे आहे. मन सतत उदास असणे किंवा कशातच रस न वाटणे, ही त्याची दोन मुख्य लक्षणे. त्यांच्या जोडीला झोप आणि भूक बिघडणे, थकवा, हालचाली मंदावणे, एकाग्रता न होणे, स्वतःला नालायक समजणे, मृत्यूचे विचार येणे. अशा नऊ लक्षणांपैकी किमान पाच, त्यांत मुख्य दोहोंपैकी एक तरी, आणि तीही किमान दोन आठवडे जवळजवळ रोज असावी, असा दंडक आहे. आपल्या घरांतून मात्र नैराश्य पुष्कळदा शरीराची भाषा बोलते. पाठ दुखते, डोके जड होते, अपचन होते, छातीवर दडपण येते. सर्व तपासण्या निर्दोष येतात आणि घरची मंडळी म्हणतात, 'तुला काहीच झालेले नाही.' विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत हे फार घडते. सकाळी उठून स्वयंपाकघरात उभे राहणेही जिला डोंगराएवढे वाटते, तिच्या नावावर आळशीपणा जमा होतो.

दुसरे टोक उन्मादाचे, म्हणजे मेनियाचे. येथे उत्साह अमर्याद होतो. झोपेची गरज कमी होते आणि तरीही थकवा येत नाही. बोलणे थांबत नाही, विचार एकामागून एक धावतात, स्वतःविषयी अवास्तव मोठेपणा वाटतो आणि पैसा बेसुमार खर्च होतो. अशी अवस्था आठवडाभर टिकली, तर ती गंभीर मानावी. ज्याला उन्मादाचे झटके येतात आणि बहुधा त्यांच्या आलटून पालटून नैराश्याचेही, तो द्विध्रुवीय म्हणजे बायपोलर विकार. जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो इतर वेडेपणापासून वेगळा काढला.

आता पुन्हा त्या व्यापाऱ्याचे खाते डोळ्यांसमोर आणा. दोन तासांची झोप, दहा दुकानांचा बेत, ट्रकचा विसार, आणि दोन महिन्यांनी बंद दाराआड बसून राहणे. पुस्तकातील लक्षणांची यादी जणू उताऱ्यावर छापलेली होती. मी ती वाचली, पण मला त्या लिपीची ओळख नव्हती. वयस्क व्यापाऱ्यांना माझे सांगणे आहे, की आजवर काटेकोर असलेला माणूस अचानक उधळू लागला आणि त्याची झोपही कमी झाली, तर रागावण्याआधी त्याची झोप मोजा. शक्य असेल तर त्याच्या विश्वासातील माणसाने मोठे व्यवहार काही दिवस लांबवावेत आणि डॉक्टरांची भेट त्याच आठवड्यात घ्यावी.

या विकारावर लिथियमचा उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केले. आजही ते औषध वापरात आहे. त्याची रक्तातील मात्रा मात्र वेळोवेळी तपासावी लागते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते.

चिंता, भयगंड आणि मंत्रचळ

चिंता ही व्यापाऱ्याची सोबतीण आहे. माल येईल का, भाव पडतील का, हा विचार त्याला सावध ठेवतो. परंतु कारण नसताना सहा सहा महिने सतत काळजी वाटणे हा चिंताविकार होय. विशिष्ट वस्तूची किंवा जागेची, उंचीची, बंद लिफ्टची, गर्दीची अवाजवी भीती म्हणजे भयगंड. एकाएकी छाती धडधडणे, श्वास कोंडणे, घाम फुटणे आणि आता मरणार असे वाटणे, हा पॅनिक ॲटॅक. तो काही मिनिटांत टोकाला जातो. पहिल्या वेळी हृदयाची तपासणी अवश्य करावी. हृदय निर्दोष आहे असे वारंवार कळूनही झटके येत राहिले, तर पुढची पायरी मनोचिकित्सकाची असते.

मंत्रचळ हा अस्सल मराठी शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. इंग्रजीत ज्याला ओसीडी म्हणतात, तो हा विकार. त्याचे दोन भाग आहेत. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा मनात घुसतो, आणि त्याने आलेली अस्वस्थता शमवण्यासाठी एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागते.

माझ्या एका शाखेत एक रोखपाल होते. प्रामाणिकपणात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. नोटांचे प्रत्येक पुडके ते सात वेळा मोजत. सहाव्या वेळी कोणी हाक मारली, तर पुन्हा एकपासून सुरुवात. संध्याकाळी रोकड बंद व्हायला सर्वांत जास्त वेळ आमच्या शाखेला लागे. तिजोरीच्या खोलीचे कुलूप ओढून पाहून ते बसथांब्यापर्यंत जात आणि पुन्हा परत येत. आम्ही हसायचो. निरीक्षणासाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी तर त्यांचे कौतुक केले. एकदा आम्ही दोघेच असताना ते मला म्हणाले, "कुलूप लागले आहे हे मला माहीत असते हो. पण माझे हात ऐकत नाहीत." त्यांनी बढती नाकारली, कारण मोठ्या शाखेत मोजायच्या नोटा जास्त. आम्ही सर्वांनी त्यांच्या यातनेची नोंद काटेकोरपणाच्या खात्यावर केली होती.

शिस्त आणि मंत्रचळ यांतील फरक येथेच आहे. माणूस नियम स्वेच्छेने घेतो, तो पाळल्यावर त्याला समाधान मिळते आणि अडचणीच्या वेळी तो नियम विवेकाने सैलही करू शकतो. मंत्रचळाचा रुग्ण भीतीपोटी कृती करतो. ती पूर्ण झाल्याचे समाधान क्षणभरच टिकते आणि भीती अधिक बळावून परत येते. शुद्धीचे, स्वच्छतेचे, पूजेतील क्रमाचे विचार या विकाराला चटकन चिकटतात. म्हणून तासन् तास हात धुणारी सून किंवा पाठात अक्षर चुकले म्हणून दहा वेळा आरंभ करणारा मुलगा दिसला, तर ते भाविक आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. यावर औषधे आहेत आणि वर्तनोपचारही आहेत. त्यांत रुग्णाला भीती वाटणारा प्रसंग पायरीपायरीने समोर आणून ती कृती न करता थांबण्याचा सराव दिला जातो. 'कुलूप लागले ना?' या प्रश्नाला घरच्यांनी दिवसातून वीस वेळा 'हो' म्हणत राहिले, तर आजार पोसला जातो. हे उत्तर कसे आणि केव्हा थांबवायचे, तेही उपचारक शिकवतात.

कारणांचा हिशोब

'हे कोणामुळे झाले?' हा प्रश्न घरात हमखास उठतो आणि बहुधा आईकडे किंवा सुनेकडे बोट दाखवले जाते. या बाबतीत शास्त्रानेही एकदा चुकीची नोंद केली होती. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइखमान या मनोविश्लेषकांनी मुलाला स्किझोफ्रेनिया होण्यास आईचे वागणे कारणीभूत असते असा अर्थ असलेली संज्ञा रूढ केली आणि अनेक मातांनी आजाराच्या दुःखावर अपराधाचे ओझे वाहिले. पुढे पुराव्याअभावी ती कल्पना टाकून देण्यात आली.

आजची समजूत अशी आहे, की मेंदूतील जैविक घटक, आनुवंशिकता, व्यक्तीची विचार करण्याची घडण आणि परिस्थितीचे ताण, या सर्वांचा मिळून परिणाम होतो. आनुवंशिकता म्हणजे काय, तेही नीट समजून घ्यावे. घराण्यात मधुमेह असला, की शक्यता वाढते. प्रत्येकाला तो होतोच असे नाही. मनाच्या आजारांचेही तसेच आहे.

कोणाकडे जावे?

मनोचिकित्सक म्हणजे मानसरोगशास्त्रात पुढील शिक्षण घेतलेले वैद्यकीय डॉक्टर. औषध तेच देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात. समुपदेशक बोलण्यातून मार्ग दाखवतात. तीव्र आजारात आधी मनोचिकित्सकाकडे जाणे योग्य.

पॅरिसमध्ये १९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे औषध प्रथमच चित्तविकृतीच्या रुग्णांना देण्यात आले आणि मनोरुग्णालयांचे चित्र पालटू लागले. आजची औषधे त्याच्या पुढे गेली आहेत. तरीही 'या गोळ्यांची सवय लागते' ही भीती कायम आहे. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या दुकानातून परस्पर आणून घेऊ नयेत. नैराश्यविरोधी औषधांची तशी चटक लागत नाही, पण ती डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंदही करायची नसतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. दहा दिवसांत 'गुण नाही' म्हणून सोडून देणारे पुष्कळ, आणि बरे वाटू लागताच सोडणारे त्याहून अधिक. पुन्हा आजार उलटण्याचे ते एक मोठे कारण आहे.

निम्हान्स या बंगळुरूच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता असे आढळले. म्हणजे दहा जणांमागे एक. आपल्या समाजाच्या एखाद्या स्नेहमेळाव्यात दोनशे माणसे जमली, तर हा प्रश्न किती घरांचा आहे याचा अंदाज यावरून करावा.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. घरातील कोणी 'आता जगण्यात अर्थ नाही' असे म्हणू लागले, तर ते धमकी किंवा नाटक समजू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. याविषयी थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही; उलट बोलायला वाट मिळते.

लपवण्याची किंमत

एवढे सगळे ठाऊक असूनही आपण लपवतो, कारण स्थळे येणार नाहीत ही धास्ती. काही वेळा तर 'लग्न झाले की ठिकाणावर येईल' असा उपाय सुचवला जातो. लग्न हे औषध नव्हे. नवे घर, नवी नाती, जागरणे आणि गुपचूप बंद केलेल्या गोळ्या यांमुळे आजार उफाळण्याचीच शक्यता अधिक. शिवाय हिंदू विवाह कायदा, १९५५ आपल्यालाही लागू आहे. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल, तर विवाह न्यायालयात रद्द ठरू शकतो. याच कायद्यात पूर्वी फेफऱ्याचाही अडसर होता. १९९९ मध्ये संसदेने तो काढून टाकला. समज बदलला, की कायदाही बदलतो, याचे हे उदाहरण. उपचार नियमित घेणारी, आजार आटोक्यात असलेली माणसे संसार आणि व्यापार दोन्ही करतात. ज्या घराला सांगून संबंध जुळतो, ते घर पुढे गोळीची वेळही सांभाळते.

२०१७ चा कायदा २०१८ पासून लागू झाला आहे. त्यानुसार मनोरुग्णाला उपचाराचा आणि गोपनीयतेचा हक्क आहे. त्याला साखळीने बांधण्यास बंदी आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरवले आहे. आरोग्य विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे, अशीही तरतूद आहे. आपली पॉलिसी नूतनीकरण करताना हे कलम पाहून घ्यावे.

शेवटी पुन्हा वहीकडे येतो. चुकीची नोंद सापडली, म्हणजे जुने पान फाडायचे नसते आणि खाडाखोडही करायची नसते. ज्या दिवशी चूक कळली, त्या दिवसाच्या तारखेला दुरुस्तीची नोंद करायची असते. मागे काय बोललो, कोणाला दोष दिला, हे पुसता येणार नाही. परंतु आपल्या घरात कोणाच्या नावावर आळस, उधळेपणा, संशय किंवा 'स्वभावच तसा' अशी जुनी बाकी पुढे ओढली जात असेल, तर ती एकदा तपासून पाहता येईल. तो व्यापारी आज भावाच्या दुकानात हिशोब पाहतो, रात्री न चुकता गोळी घेतो आणि ठरल्या वेळी रक्त तपासून घेतो. रोखपाल मात्र निवृत्त होईपर्यंत सात वेळा मोजत राहिले. त्यांना कोणीच आजाराचे नाव सांगितले नाही. सांगू शकणाऱ्यांपैकी मी एक होतो.